पाच जिन्नस, एक ग्लास: पंचचं मूळ गाव नेरूळ?

आजचा विषय ऐकून काहीजण आवाज जरा कमी करतील, कारण आई शेजारच्या खोलीत असेल. विषय आहे कॉकटेल. चैत्रात पिण्यासारखं, हलकं, पाल्या-मसाल्याचं आणि कमी साखरेचं. पण रेसिपीच्या आधी साडेतीनशे वर्षं मागे जाऊ.

जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत 1673 मध्ये मुंबईत उतरला. सुरत, जुन्नर, गोवा असा भरपूर फिरला. त्याचं पुस्तक 1698 मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो सांगतो की सगळ्यात चांगली अरक नेरूळला बनते आणि तीच घेऊन इंग्रज लोक 'पंच' तयार करतात. पंच म्हणजे पाच, कारण त्यात पाच जिन्नस.

थांबा, नवी मुंबईकरांनो, कॉलर ताठ करू नका. हे नेरूळ आपलं हार्बर लाइनवालं नव्हे, गोव्यातल्या बार्देशातलं आहे. पण मुद्दा तोच राहतो: आज हॉटेलच्या मेनूत ज्याला आपण 'विलायती' समजतो, त्या पेयाच्या नावात बहुधा आपलाच 'पाच' बसलाय. बहुधा म्हणतोय, कारण काही अभ्यासक हा शब्द 'पंचन' या पिंपाच्या नावावरून आला असं मानतात. वाद चालू आहे. साहित्यावर मात्र वाद नाही. अरक, लिंबू, साखर, पाणी, मसाला, सगळं इथलंच होतं.

आता साखरेकडे येऊ. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी 1638 मध्ये सुरतेला होता. त्याने पाहिलेल्या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर होती. पुढे फ्रेंच डॉक्टर बर्निएने बंगालमधल्या पंचचं वर्णन केलं: गुळाची अरक, लिंबू, पाणी, थोडं जायफळ. वरून घालायची साखर त्याच्या यादीत नाहीच! म्हणजे लो-शुगर कॉकटेल हा काही इन्स्टाग्रामचा शोध नाही. आणि गंमत बघा, बर्निए म्हणतो की चवीला बरं आहे, पण तब्येतीला फार वाईट. साखर नव्हती, तरीही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तिकडे पंच साहेबांच्या टेबलावर चढला. इकडे आपल्या भागातल्या वसंताच्या पेयाचं काय झालं? मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. कातकरी, ठाकर, वारली लोकांसाठी ती पोटाला आधार होती, सणाला दारू होती. 1878 च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू काढणं सरकारच्या मुठीत गेलं. 1892 मध्ये खास मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच बंधनं घातली गेली. आजची नवी मुंबई याच दोन जिल्ह्यांच्या जमिनीवर उभी आहे. फुलं जंगलातलीच, पण घरात साठवली तर गुन्हा. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतरही मोहफुलांवर निर्बंध राहिले, ते राज्य सरकारने उठवले 2021 मध्ये. एका पेयाला इभ्रत मिळाली, दुसऱ्याला पोलीस. फरक चवीचा नव्हता, कोण पितंय याचा होता.

चला, आता ग्लास भरू. पाचच जिन्नस:

एक, 30 मिली जिन. दोन, दोन चमचे कोकमाचं आगळ. सरबत नको, त्यात साखर असते. आगळात फक्त कोकम आणि मीठ. तीन, अर्ध्या लिंबाचा रस. चार, गवती चहाची पात उकळून गार केलेलं पाणी, अर्धी वाटी. पाच, चिमूटभर जायफळ. भरपूर बर्फ टाका, वरून साधा सोडा. टॉनिक वॉटर नको, त्यात साखर असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता तो बर्निए आठवा. 30 मिली जिनमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे जवळपास 70 कॅलरी. चार चमचे साखरेइतक्या! आणि यकृताला काम लागतं ते वेगळंच. 'हर्बल' हा शब्द बाटलीवर छान दिसतो, पण गवती चहा दारूचा परिणाम पुसून टाकत नाही. शिवाय महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. पिऊन गाडी तर नाहीच नाही.

जिन काढून टाका, तरी उरलेले चार जिन्नस मस्त लागतात. फ्रायरनेही चार जिन्नसांच्या प्रकाराची नोंद केलीय, त्यामुळे इतिहास तुमच्या बाजूने आहे.

आणि एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, त्यांच्या गावाकडे चैत्रात काय प्यायचे, मोहाचं काय काय करायचे. जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फ्रायरने त्याच्यासारख्यांचं लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतंय. आपल्या माणसांचं लिहून ठेवणारे फार थोडे होते.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!