स्टुडिओ, ज्युरी आणि कारवीचा कूड

आजचा भाग आर्किटेक्चरच्या शिक्षणाबद्दल. मी सॉफ्टवेअरवाला. माझा कोड चुकला की कॉम्प्युटर चुकलेली ओळ दाखवतो. डिझाइन स्टुडिओत तसं नसतं. एकच बरोबर उत्तर नाही. तुम्ही काढता, सर खोडतात, तुम्ही पुन्हा काढता. शेवटी ज्युरी. ही पद्धत आली कुठून?

मूळ पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत. एकोणिसाव्या शतकात तिथली मुलं एखाद्या वास्तुकाराच्या हाताखाली बसून शिकत. मुदत संपली की ड्रॉइंग्ज गोळा करायला हातगाडी यायची, 'शारेत'. सबमिशनच्या जागरणाला आजही जगभर हाच शब्द आहे.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभी राहिली, १८५७ साली. सुरुवातीला भर कारागिरीवर. बोरीबंदर स्टेशनच्या नक्षीकामात इथल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पुढे ड्राफ्ट्समनचे वर्ग आले, मग आर्किटेक्चरचा पूर्ण अभ्यासक्रम. म्हणजे दुसऱ्याचा नकाशा गिरवण्यापासून स्वतःचा नकाशा काढण्यापर्यंत. १९१७ मध्ये इथल्याच माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढली. तीच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली.

१९२३ पासून वीस वर्षं इथे क्लॉड बॅटली प्रमुख होते. माणूस इंग्रज, पण विद्यार्थ्यांना जुन्या देशी इमारती टेप लावून मोजायला पाठवायचे. मोजा, काढा, मग बोला.

आता आमच्या धसईचं. माझी मामेबहीण आर्किटेक्चरला आहे. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. एसटीनं कल्याण, पुढे लोकल, आणि त्या गर्दीत माउंटबोर्डचं मॉडेल डोक्यावर. पण तिचं खरं ओझं वेगळंच. तिनं छप्पर खूप खाली उतरवलं होतं. ज्युरीनं इंग्रजीत विचारलं, का? उत्तर तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कारवीच्या कुडावर पावसाची झड बसली की लिंपण धुऊन जातं, म्हणून वळचण खाली हवी. इंग्रजीत शब्द जुळेपर्यंत ज्युरी पुढच्या शीटकडे वळली. शेरा आला, 'कॉन्सेप्ट कमकुवत'.

डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकानं १९८३ च्या पुस्तकात स्टुडिओचं बारकाईनं वर्णन केलंय. शिक्षक आणि विद्यार्थी काढता काढता बोलतात, आणि शिकणं त्या दोन्हींतून होतं. मग बघा, निम्मं शिक्षण बोलण्यात असेल, तर भाषा अडलेल्या मुलीचं निम्मं शिक्षण तिथेच अडतं. तिच्या हाताला दोष देऊन काय उपयोग?

मला बॅटलींची टेप इथे कामाची वाटते. पहिल्या वर्षी प्रत्येकानं स्वतःचं घर मोजावं. वळचण जमिनीपासून किती उंच, जोतं किती, कूड किती जाड. आकडे कागदावर आले की 'का?'चं उत्तर ड्रॉइंगच देतं. आणि ते मराठीत समजावून सांगितलं, तर ज्युरीनं ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

तुमच्यापैकी कुणी आर्किटेक्चर शिकत असेल, तर तुमच्या घराची वळचण किती उंच, ते कळवा. भेटू पुढच्या भागात.