टेकडी की बाग? पुण्यात धावण्यासाठी वाट कशी निवडावी

धावायला सुरुवात करायची म्हटले की बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात : बूट कोणते घ्यावेत आणि रोज किती किलोमीटर पळावे? कुठे पळावे, हे सहसा कोणी विचारत नाही. घराजवळची बाग किंवा मित्र जातात ती टेकडी, एवढ्यावर तो निर्णय होऊन जातो. पण गुडघा, नडगी, टाच आणि हृदय यांच्यावर येणारा ताण अंतराइतकाच वाटेवरही अवलंबून असतो. बागेतल्या सपाट फेरीवरचे चार किलोमीटर आणि वेताळ टेकडीवरचे चार किलोमीटर हे दोन वेगळे व्यायाम आहेत.

पुण्यात शहराच्या मधोमध आणि उपनगरांच्या कडेने टेकड्या, वनविभागाची राने आणि बागा आहेत. त्यांपैकी कोणती वाट कोणासाठी आणि कधी योग्य, हे या लेखात पाहू.

वाटेमुळे नेमके काय बदलते?

*पृष्ठभाग.* धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या पायावर दर पावलाला १४० ते २१० किलोचा भार. सिमेंट वाईट आणि माती चांगली, इतके मात्र हे सोपे नाही. कडक, सपाट रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखेच पडते, त्यामुळे त्याच हाडावर आणि त्याच स्नायूवर पुन्हा पुन्हा ताण येतो. मातीच्या उंचसखल वाटेवर ताण विभागला जातो, पण घोट्याला सतत तोल सांभाळावा लागतो. शरीर दोन्हींची सवय करून घेते. त्रास होतो तो बहुधा अचानक केलेल्या बदलामुळे.

*चढ-उतार.* चढावर हृदय, पोटऱ्या आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन यांना जास्त काम पडते. उतारावर दम लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. टेकडीवर गेल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात, त्या यामुळेच.

*परतीचा रस्ता.* बागेतल्या फेरीत बरे वाटेनासे झाले तर दोन मिनिटांत बाकावर बसता येते, फाटक जवळ असते, माणसे असतात. टेकडीच्या माथ्यावर हीच वेळ आली तर खाली यायलाच वीस-पंचवीस मिनिटे लागू शकतात आणि पायवाटेवर रुग्णवाहिका येत नाही. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर धावणे सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या :

- चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जळजळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे
- पूर्वी हृदयविकार, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असणे
- मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार
- व्यायाम करताना चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे
- घरात कोणाला कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू आलेला असणे
- वय चाळिशीच्या पुढे, बरीच वर्षे बैठे काम आणि सोबत धूम्रपान किंवा तंबाखू

ईसीजी पुरेसा आहे की स्ट्रेस टेस्टही करावी, हे डॉक्टर तपासून ठरवतील. फक्त ईसीजी ‘नॉर्मल’ आला म्हणजे टेकडीवर पळण्याचा परवाना मिळाला, असे समजू नका. तो ईसीजी विश्रांतीच्या वेळचा असतो.

पहिले सहा ते आठ आठवडे : सपाट फेरी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सपाट, गोल फिरून येणारी वाट निवडावी. घराजवळच्या महापालिकेच्या बागेतला जॉगिंग ट्रॅक यासाठी उत्तम. पर्वतीच्या पायथ्याची सारसबाग चालण्यासाठी चांगली आहे, मात्र संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीत पळणे जमत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे आणि तिथल्या रस्त्यांवर दाट सावली आहे. बाहेरच्यांसाठी प्रवेशाच्या वेळा आणि नियम असतात, ते आधी विचारून घ्या.

पद्धत साधी आहे. पाच मिनिटे भरभर चालून अंग गरम करा. मग एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटे चाला. असे सात-आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याचा वेळ थोडा वाढवा. वेग योग्य आहे का, हे ओळखायला घड्याळाची गरज नाही. धावताना शेजारच्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी घेणाऱ्यांनी तर बोलण्याचीच कसोटी वापरावी. त्या गोळीमुळे नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि घड्याळातला आकडा फसवतो.

बागेत दोन गोष्टी सांभाळा. पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडांना पाय अडखळतो, म्हणून अंधारात पळू नका. आणि फेरी लहान असेल तर रोज एकाच दिशेने पळू नका. वळणावर आणि एका बाजूला उतरत्या ट्रॅकवर एका पायावर जास्त भार येतो. एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून पळा.

दुसरी पायरी : मातीची वाट

सलग वीस-पंचवीस मिनिटे न थांबता, न दुखता धावता येऊ लागले की मातीकडे वळा. सहकारनगरजवळचे तळजाईचे पठार यासाठी सोयीचे आहे. वरपर्यंत गाडीरस्ता असल्यामुळे चढ टाळून थेट पठारावरूनच सुरुवात करता येते. वाटा रुंद आहेत, झाडी आहे आणि सकाळी माणसांची वर्दळ असते.

पहिले दोन आठवडे आठवड्यातल्या तीन दिवसांपैकी एकच दिवस मातीवर पळा. पावले लहान ठेवा आणि नजर पायाखाली नव्हे, चार-पाच पावले पुढे ठेवा. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर घरी एका पायावर ३० सेकंद उभे राहण्याचा सराव रोज करा. तो नीट जमेपर्यंत खडकाळ वाट नको.

तिसरी पायरी : टेकडी

पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोनशे मीटरहून जास्त चढ होऊ शकतो. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर साठ-सत्तर मजले चढण्यासारखे. फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी आणि बाणेर-पाषाणची टेकडी यांची उंची कमी आहे, पण पायाखाली तोच मुरूम आणि सुटे दगड.

टेकडीचे नियम :

- सपाट जागी सलग चाळीस मिनिटे धावता येत नसेल तर टेकडीवर फक्त चाला.
- चढ चालत चढा, माथ्यावरच्या सपाट भागात धावा आणि उतार पुन्हा चालत उतरा. पहिले दोन महिने असेच करा.
- उतरताना गुडघे थोडे वाकवा, पावले लहान ठेवा. ताठ पायाने टाच आपटत उतरू नका.
- आठवड्यात एकदाच टेकडी. दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा सपाटीवर चालणे.
- एकट्याने जाऊ नका. मोबाइल सोबत असू द्या, कोणत्या बाजूने चढणार ते घरी सांगा आणि अंधार पडण्याआधी खाली या.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या अनेक जण रोज चढतात. हृदय आणि मांड्यांसाठी हा चांगला व्यायाम आहे. पण गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर पायऱ्या पळत उतरणे हा दुखणे वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

‘धावल्याने गुडघे झिजतात’ ही भीती मात्र बाळगू नका. हौसेने, बेताने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज बैठ्या माणसांपेक्षा जास्त आढळत नाही. झीज आधीच झालेली असेल, वजन बरेच जास्त असेल किंवा गुडघ्याला जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालण्यापासून सुरुवात करा.

ऋतूप्रमाणे वाट बदला

*हिवाळा.* पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, हा समज हिवाळ्यात खरा ठरत नाही. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच अडकते आणि वाहनांचा, शेकोट्यांचा, पालापाचोळा जाळल्याचा धूर तिच्यातच साचतो. दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असलेल्यांनी ऊन वर आल्यावर आणि मुख्य रस्त्यापासून दूर व्यायाम करावा. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी निरोगी माणसानेही जोराचे धावणे टाळावे. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा.

*उन्हाळा.* एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० अंशांपर्यंत जातो. वेताळ टेकडीच्या माथ्यावरच्या गवताळ भागात सावली कमी आहे. या दिवसांत झाडीची वाट निवडा आणि सकाळी साडेसातच्या आत परत फिरा. तासाभराच्या व्यायामाला साधे पाणी पुरते. तहान लागेल तसे प्या. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पिणेही धोक्याचे आहे, त्याने रक्तातले सोडियम घसरते. वळवाच्या विजा चमकू लागल्या तर पठारावर थांबू नका.

*पावसाळा.* शेवाळलेल्या पायऱ्या आणि ओला मुरूम म्हणजे घसरण. वाढलेल्या गवतात साप असू शकतात. हे चार महिने बागेतली फेरी किंवा विद्यापीठासारखे डांबरी रस्ते बरे.

कुत्रा चावला किंवा साप चावला तर

कुत्रे मागे लागले तर पळणे थांबवा, त्याच्या डोळ्यांत न पाहता सावकाश बाजूला व्हा. चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे सीरमही लागते.

साप चावला तर शांत बसा, चावलेला अवयव हलवू नका. पट्टी करकचून बांधणे, जखम कापणे, रक्त चोखणे यांतले काहीही करू नका. १०८ ला फोन करून थेट प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जा.

केव्हा ताबडतोब थांबायचे?

- छातीत दाब, आवळल्यासारखे वाटणे. दुखणे हात, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणे
- विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी
- छातीत अनियमित धडधड
- उन्हात बरळणे, झोकांड्या जाणे

पहिल्या तीन लक्षणांत ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी जाऊन सोडा पिण्यात सर्वांत मौल्यवान वेळ जातो. जिथे आहात तिथे बसा, माणसे बोलवा, १०८ ला फोन करा. स्वतः दुचाकी चालवत निघू नका. मधुमेह असलेल्यांना हृदयविकारात छातीत दुखेलच असे नाही. नुसती धाप किंवा घाम हेही लक्षण धरा. त्यांनी साखरेची पुडी खिशात ठेवावी. थरथर, घाम, भूक जाणवली तर शुद्धीत असताना तीन-चार चमचे साखर घ्यावी. कोणी कोसळला आणि श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. उन्हाने भान हरपले असेल तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा.

दुखणे सांगते काय?

दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत कमी होत असतील तर ते सरावाचे दुखणे. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. धावणे बंद करून तपासून घ्या. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखत असेल तर टेकडी थांबवून पोटऱ्यांचे ताण देणारे व्यायाम सुरू करा.

आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम प्रौढांनी किमान करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती बागेतल्या फेऱ्यांनीही पूर्ण होते. टेकडीवर पळता आले नाही म्हणून तब्येतीचे काही अडत नाही. आज जी वाट झेपते ती निवडा. अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा.