न्यायाधीश हॅन्सन आणि आयोवातील मतदारांचा कौल

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९६२ च्या घटनादुरुस्तीने न्यायाधीशांची थेट निवडणूक बंद झाली. नेमणूक राज्यपाल करू लागले; मतदारांनी ठराविक काळाने ‘पदावर ठेवावे की नाही’ एवढेच सांगायचे. प्रतिस्पर्धी नसल्याने हा कौल बहुधा औपचारिकच ठरे.

पोल्क काउंटीतील जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट हॅन्सन यांनी २००७ मध्ये समलिंगी विवाहबंदी घटनाबाह्य ठरविली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय एकमताने कायम केला. नोव्हेंबर २०१० मध्ये संघटित प्रचारानंतर राज्यभरच्या मतदानात तेथील तीन न्यायमूर्तींनी पदे गमावली. मूळ निकाल देणारे हॅन्सन मात्र स्थानिक मतदारांच्या कौलावर टिकले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा फरक मुख्यतः मतदारसंघाचा होय. राजधानी डे मॉइन याच काउंटीत आहे.