तळटीप २३ : जस्ताची डच नाणी

२३. जर्मन सैन्याने मे १९४० मध्ये नेदरलँड्सचा ताबा घेतला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला. या काळात १, २½, ५, १० आणि २५ सेंटची नाणी जस्तात पाडली गेली (१०० सेंटचा एक गिल्डर). तांबे आणि निकेल युद्धासाठी हवे होते, आणि चांदीची नाणी तर लोकांनी केव्हाच घरात दडवली होती. चांदीच्या १० व २५ सेंटवर राणी विल्हेल्मिनाची छबी असे. ती लंडनला निघून गेलेली. नव्या १० सेंटवर ट्यूलिपची फुले आली, २५ सेंटवर शिडाचे जहाज. लेखकाला कुतूहल वाटलेले चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचे नाणे ५ सेंटचे आहे. तो आकार मात्र युद्धाआधीपासूनचा, १९१३ सालापासूनचा. पुढे ज्याला ‘बुरशी’ म्हटले आहे तो जस्तावर दमट हवेत चढणारा पांढरा थर होय. तो खरवडला की नक्षीही जाते, म्हणून जाणकार संग्राहक त्याला हात लावत नाहीत.

१९४३ सालचे, राणीची छबी असलेले चांदीचे २५ सेंटचे नाणे कुणी दाखवले, तर ते बनावट समजण्याचे कारण नाही. परागंदा डच सरकारने अशी नाणी अमेरिकेत पाडून घेतली होती. त्यांवर टांकसाळीचे बारीक अक्षर असते. ‘पी’ म्हणजे फिलाडेल्फिया. व्याप्त देशातल्या बाजारात तेव्हा चालत होते ते जस्तच. — संपा.