हिरवा इग्वाना : पिलाचे संगोपन

सरीसृप वर्गातील इग्वानिडी कुलाचा, झाडांवर राहणारा मोठा शाकाहारी सरडा. शास्त्रीय नाव इग्वाना इग्वाना. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे नामकरण केले. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेमार्गे ब्राझील-पराग्वेपर्यंत आणि कॅरिबियन समुद्रातील काही बेटांवर तो मूळचा आढळतो. नुकते अंड्यातून निघालेले पिलू वीतभर लांबीचे व जेमतेम १२ ग्रॅम वजनाचे असते. चांगली निगा राखल्यास तेच पिलू काही वर्षांत दीड मीटरपेक्षा लांब होते आणि १५ ते २० वर्षे जगू शकते. पाळीव पिले दगावतात ती बहुतेक चुकीच्या निगेमुळे. ऊब, प्रकाश आणि आहार या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असून त्यांपैकी एक जरी कमी पडली, तरी उरलेल्या दोन निष्फळ ठरतात.

निवारा : पिले सुरुवातीला झुडपांमध्ये राहतात आणि वाढतील तशी उंच झाडांवर जातात. त्यामुळे पिंजरा लांबीइतकाच उंचीलाही मोठा हवा. लहान पिलासाठी सुमारे ९० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ९० सेंमी. उंच पिंजरा काही महिने पुरतो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला किमान २ मी. लांब, १ मी. रुंद व २ मी. उंच जागा लागते. हा हिशेब पिलू घरी आणण्यापूर्वीच केला पाहिजे. पिंजऱ्याला दोन बाजूंनी जाळी ठेवल्यास हवा खेळती राहते. आत पिलाच्या अंगाइतक्या जाड, घट्ट बसवलेल्या फांद्या असाव्यात. त्यांपैकी एक तिरपी फांदी दिव्याखालच्या उबदार जागेपर्यंत न्यावी.

तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरणे सर्वांत सोयीचे. इग्वाना जीभ लावून प्रत्येक वस्तू पारखतो; वाळू किंवा लाकडाचा भुसा असेल तर तो पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. एका पिंजऱ्यात एकच पिलू ठेवावे. एकत्र ठेवल्यास दांडगे पिलू उबेची जागा व खाद्य बळकावते आणि दुसरे हळूहळू खंगत जाते.

उष्णता व आर्द्रता : सरड्यांचे शरीर स्वतःची ऊब पुरेशी निर्माण करत नाही, म्हणून पिंजऱ्याचे एक टोक गरम व दुसरे थंड ठेवावे. ऊन शेकण्याच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २६ ते २८ अंश तापमान योग्य. रात्री ते सुमारे २३ अंशांखाली जाऊ देऊ नये. तापमान पिलाची पाठ जिथे येते त्या उंचीवर मोजावे. पुण्या-नाशिककडच्या हिवाळ्यात रात्रीसाठी थर्मोस्टॅट जोडलेला, प्रकाश न देणारा सिरॅमिक तापक लागतोच. विदर्भातील मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. तोंड वासून धापा टाकणारे पिलू लगेच थंड जागी हलवावे. दिवे जाळीच्या बाहेर बसवावेत. विजेवर तापणारे कृत्रिम दगड वापरू नयेत, त्यांनी पोटाची कातडी भाजते.

हवेतील आर्द्रता ६० ते ८० टक्के असावी. मुंबई व कोकणात पावसाळ्यात ती आपोआप मिळते, तेव्हा बुरशी न येण्याकडे लक्ष द्यावे. कोरड्या हवेत दिवसातून दोनदा फवारा मारावा.

प्रकाश : साध्या बल्बमधून ऊब मिळते, पण पिलाला यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरणही लागतात. या किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते आणि अंगातील उबेमुळे त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर होते. या जीवनसत्त्वाशिवाय आतड्याला अन्नातील कॅल्शियम नीट शोषता येत नाही. म्हणून यूव्हीबी नळी व ऊब देणारा दिवा एकाच फांदीवर रोखलेले असावेत. नळीचे अंतर उत्पादकाने दिलेल्या सूचनेप्रमाणे ठेवावे. बहुतेक नळ्यांसाठी ते २० ते ३० सेंमी. असते. साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे खिडकीतून येणारे ऊन पुरत नाही. घरातील एलईडी दिव्यांतूनही ते मिळत नाहीत. यूव्हीबी नळी दिसायला पेटलेली असली तरी तिचे अतिनील किरण कमी होत जातात; सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी.

रोज सुमारे बारा तास उजेड व बारा तास काळोख ठेवावा. डोक्याच्या माथ्यावर फिकट खवल्यासारखा दिसणारा तिसरा डोळा उजेड-सावलीतला फरक टिपतो. त्यामुळे रात्री रंगीत दिवासुद्धा लावू नये आणि पिलाला वरून झडप घालून उचलू नये. शिकारी पक्ष्याची सावली समजून ते घाबरते. जाळीच्या पिंजऱ्यातून कोवळे ऊन दाखवणे उत्तम, मात्र अर्धा पिंजरा सावलीत हवा. काचपेटी उन्हात ठेवल्यास पिलू काही मिनिटांत मरू शकते.

आहार : इग्वाना जन्मापासून पालाच खातो. पाल्यातील तंतू मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांमुळे आंबून पचतात. निसर्गात पिले आधी मातीतून व नंतर मोठ्या इग्वानांच्या विष्ठेतून हे सूक्ष्मजीव मिळवतात, असे कॅथरीन ट्रॉयर यांनी पनामात केलेल्या अभ्यासातून १९८२ मध्ये दाखवले. पूर्वी काही ठिकाणी पिलांना अळ्या किंवा कुत्र्या-मांजरांचे खाद्य देण्याचा सल्ला दिला जाई. अशा प्रथिनांनी मूत्रपिंडे निकामी होतात व गाऊट होतो. तो सल्ला आता मोडीत निघाला आहे.

आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दुप्पट असावे. आपल्याकडे मिळणाऱ्या भाज्यांत शेवग्याचा, तुतीचा व मोहरीचा पाला पायाभूत मानावा. जोडीला जास्वंदाची पाने-फुले, किसलेला लाल भोपळा, फरसबी द्यावी. पपई, आंबा यांसारखी फळे अगदी थोडी. पालक व बीटची पाने यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ती क्वचितच. ॲव्होकॅडो अजिबात देऊ नये. फवारणी केलेला पाला स्वच्छ धुवावा. सकाळी दिवे लागून तासभर झाला, पिलू तापले, की बारीक चिरलेले खाद्य रोज द्यावे; थंड पोटात ते पचत नाही. पाल्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियम भुकटी भुरभुरावी. पाण्याचे भांडे पिलाला आत बसता येईल एवढे पसरट असावे. त्यातच ते शी करते, त्यामुळे पाणी रोज बदलावे.

आरोग्य : पिलू शिंकल्यावर काचेवर पांढरे डाग पडतात. ते नाकातील ग्रंथींनी बाहेर टाकलेले जादा मीठ असते, सर्दी नव्हे. मऊ पडलेला किंवा सुजलेला जबडा, टणक सुजलेल्या मांड्या, बोटांची थरथर ही मात्र हाडांच्या विकाराची लक्षणे होत; अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला त्वरित दाखवावे. शेपटी धरून उचलल्यास ती तुटू शकते. विष्ठेतून सॅल्मोनेला जंतू पसरतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

कायदा : ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती चौथ्या अनुसूचीत येते, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आपल्याकडील घोरपड हा वेगळा, पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून ती पाळणे गुन्हा आहे.

फ्लोरिडा व प्वेर्तो रिको येथे पाळीव व्यापारातून सुटलेल्या इग्वानांची संख्या बेसुमार वाढली. फ्लोरिडाने २०२१ मध्ये त्यांना निषिद्ध जातींच्या यादीत घातले. म्हणून सांभाळणे अशक्य झाले तरी इग्वाना बाहेर सोडू नये. ज्यांच्या घरी पूर्ण वाढलेल्या प्राण्यासाठी जागा नाही, त्यांनी पिलू आणूच नये.