थायरॉईडच्या रिपोर्टमागची रेघ

तळ्यात थायरॉईडसाठी रक्त दिलं की नमुना पुष्कळदा इथे तपासला जात नाही. तो इंदापूरला हायवेला लागतो आणि कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये पोचतो. एक-दोन दिवसांत मोबाईलवर रिपोर्ट येतो: टीएसएच ६.८. आपण समजतो की वजनकाट्यावर वजन दिसावं तसा हा आकडा मशीनला दिसला. तसं नसतं. मशीनने मोजलेला असतो प्रकाश. तो किती आला हे आधी काढून ठेवलेल्या एका वक्ररेषेवर ताडून पाहतात, आणि तिथून खाली उतरून ६.८ हा आकडा मिळतो. म्हणजे तुमचा टीएसएच मोजलेला कमी आणि रेघेवरून वाचलेला जास्त.

मोजलेल्या ठिपक्यांमधून रेघ बसवायची आणि त्या रेघेवर औषधाचा निर्णय घ्यायचा, ही सवय थायरॉईडच्या वैद्यकात मुख्यतः अणुभौतिकशास्त्रातून आली. आजचा लेख तिच्या इतिहासावर आहे.

सुरुवात १९०० सालची. कॅनडात माँट्रियलला अर्नेस्ट रदरफोर्ड थोरियममधून निघणाऱ्या वायूची किरणोत्सर्गिता मोजत होते. ती साधारण एका मिनिटात निम्मी व्हायची. पुढच्या मिनिटात उरलेल्याची निम्मी, मग तिचीही निम्मी. निम्मं व्हायला लागणाऱ्या या वेळेला आपण अर्धायुष्य म्हणतो. साध्या आलेखावर हा उतार घाटासारखा दिसतो, आधी तीव्र आणि नंतर सपाट होत जाणारा. पण उभ्या अक्षावर किरणोत्सर्गितेचा लॉगॅरिदम घेतला की तीच वक्ररेषा सरळ होते, आणि तिच्या उतारावरून अर्धायुष्य थेट काढता येतं. म्हणूनच सेमी-लॉग कागद पुढची कितीतरी वर्षं अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेतलं रोजचं सामान होता.

अडचण अशी की ठिपके कधीच नेमके रेघेवर बसत नाहीत. अणू फुटतात ते आपल्या लहरीने. काउंटरवर १०० नोंदी झाल्या तर त्यात दहाएक इकडेतिकडे होणं स्वाभाविक, म्हणजे दहा टक्के. १०,००० नोंदी झाल्या तर शंभरएक, म्हणजे फक्त एक टक्का. त्यामुळे सगळे ठिपके सारखे विश्वासाचे नसतात. सुरुवातीचे, भरपूर नोंदींचे ठिपके पक्के असतात आणि शेवटचे डळमळीत. रेघ बसवताना पक्क्यांना जास्त वजन द्यावं लागतं. रेघ आणि ठिपके यांच्यातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची, ही लीस्ट स्क्वेअर्सची युक्ती तेव्हा शंभर वर्षं जुनी होती. लजांद्रने ती १८०५ मध्ये छापली. गाऊसने १८०९ मध्ये छापली आणि वर म्हटलं की मी तर ती १७९५ पासूनच वापरतोय. यावरून दोघांचं बिनसलं. धूमकेतू आणि ग्रहांच्या कक्षांसाठी तयार झालेली ही पद्धत अणूंनाही तशीच लागू पडली.

आता थायरॉईडकडे वळू. नोव्हेंबर १९३६ मध्ये बोस्टनला एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं डॉक्टरांसमोर व्याख्यान झालं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या थायरॉईड क्लिनिकचे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी त्यांना प्रश्न विचारला: आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सर्गी करता येईल का? थायरॉईडची ग्रंथी आयोडीन ओढून घेते हे ठाऊक होतं. मग किरणोत्सर्गी आयोडीन दिलं तर ते नेमकं तिथे जाऊन बसेल, असा हर्ट्झ यांचा हिशेब होता. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स त्यांच्या जोडीला आले आणि १९३७ मध्ये ४८ सशांवर प्रयोग झाले. तेव्हाच्या आयोडीन-१२८ चं अर्धायुष्य फक्त २५ मिनिटं. उपचार सोडाच, मोजमाप उरकायचीही घाई. १९३८ मध्ये बर्कलीला लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांना आयोडीन-१३१ सापडलं, अर्धायुष्य आठ दिवस. हे कामाचं होतं.

३१ मार्च १९४१ रोजी हर्ट्झ यांनी पहिल्या पेशंटला किरणोत्सर्गी आयोडीन दिलं. पण ते शुद्ध आयोडीन-१३१ नव्हतं. सायक्लोट्रॉनमधून मिश्रण निघायचं. त्यातला बहुतेक भाग आयोडीन-१३० चा, अर्धायुष्य सुमारे १२ तास, आणि साधारण एक दशांश भाग आठ दिवसांच्या आयोडीन-१३१ चा. रसायन म्हणून दोन्ही एकच, त्यामुळे साध्या रसायनशास्त्राने ते वेगळे करता येत नाहीत. वेगळे करता येतात ते आलेखावर, आणि त्याची रीत मोठी सुंदर आहे.

समजा, सुरुवातीला एकूण १००० नोंदी आहेत. एक दिवसाने त्या सुमारे ३१७ होतात, पाच दिवसांनी ६६, तेरा दिवसांनी ३२. पाचव्यापासून तेराव्या दिवसापर्यंत, म्हणजे आठ दिवसांत, आकडा निम्मा झाला. म्हणजे या काळात फक्त आठ दिवसवालं आयोडीन उरलं आहे. १२ तासवालं पाच दिवसांत दहा वेळा निम्मं होऊन हजारावा भाग उरलंय. शेवटची ही सरळ रेघ मागे शून्य दिवसापर्यंत वाढवा, ती १०० वर टेकते. आता प्रत्येक दिवशीच्या एकूण आकड्यातून या रेघेचा आकडा वजा करा. उरतं ते १२ तासांचं, सुरुवातीला ९००. कांद्याचा एकेक पापुद्रा काढल्यासारखं हे काम, फक्त इथे आतल्यापासून सुरुवात.

हा केवळ हिशेबाचा छंद नव्हता. आठ दिवसांचं अर्धायुष्य १२ तासांच्या सोळापट. ग्रंथीत बसलेलं आयोडीन बाहेर पडत नाही असं धरलं, तर सुरुवातीला एक दशांश दिसणारा भाग एकूण फुटण्यांच्या हिशेबात १६०० होतो आणि नऊ दशांश दिसणारा ९०० च राहतो. पहिल्या दिवशीचा आकडा पाहून जो भाग किरकोळ वाटला, तोच ग्रंथीला जास्त भाजतो. रेघा वेगळ्या केल्या नाहीत तर डोस किती दिला हे कळायला मार्ग नाही.

या पद्धतीचा एक धोकाही लवकरच पुढे आला. हंगेरीत जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लान्झोश यांनी १९५६ च्या पुस्तकात एक उदाहरण दिलं. त्यांनी तीन वेगवेगळे ऱ्हास मिसळून २४ आकडे तयार केले आणि ते दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवले. मग दाखवून दिलं की तेच आकडे दोनच ऱ्हास धरूनही तितकेच चांगले बसतात, आणि त्या दोघांचे वेग मूळ तिघांपैकी कोणाशीच जुळत नाहीत. रेघ छान बसली म्हणून ती खरी ठरत नाही. १२ तास आणि आठ दिवस यांत अंतर मोठं होतं म्हणून हर्ट्झ यांच्या आयोडीनची फोड सुटली. अर्धायुष्यं जवळजवळ असती तर कागदाने दगा दिला असता.

पुढे अणुभट्ट्या आल्या, आयोडीन-१३१ मुबलक झालं आणि मिश्रणाचा प्रश्न संपला. आपल्याकडे तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, सायरस १९६० मध्ये. त्याच वर्षी टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक हा देशात बांधलेला संगणक कामाला लागला. १९६३ मध्ये परळला, टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीत, रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. आपल्या भागातले थायरॉईडचे काही पेशंट आजही आयोडीनच्या उपचारासाठी मुंबई गाठतात.

पेशंटच्या शरीरात मात्र एक नवी भानगड असते. आयोडीन आपोआप फुटून कमी होतं आणि ग्रंथीतून बाहेर पडूनही कमी होतं. समजा ग्रंथी २४ दिवसांत निम्मं आयोडीन सोडते. आठ आणि चोवीस यांच्या व्यस्तांची बेरीज केली की येतात सहा दिवस, हे प्रभावी अर्धायुष्य. अतिसक्रिय ग्रंथी ते लवकर सोडते. तिने आठ दिवसांत निम्मं सोडलं तर उत्तर चार दिवस. आता दोन बायका डोळ्यांसमोर आणा. २४ तासांनी मोजलं तर दोघींच्या गळ्याशी आकडा सारखाच, १०० धरू. सातव्या दिवशी एकीचा ५० येईल, दुसरीचा ३५. पहिलीच्या ग्रंथीला दुसरीच्या जवळजवळ दीडपट मात्रा मिळते, आणि पहिल्या मोजणीत त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून जिथे पेशंटनुसार डोस मोजून देतात, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीला बोलावतात. (पुष्कळ ठिकाणी ठरावीक डोस देतात, तीही मान्य पद्धत आहे.) तळ्याहून परळ म्हणजे दिवस मोडतो, भाडं जातं, भातलावणीच्या दिवसांत तर कोणी निघायला राजी नसतं. पण एका ठिपक्यातून हवी तितक्या उतारांची रेघ काढता येते. दुसरा ठिपका नसेल तर उतार तुमचा नसतो, पुस्तकातल्या सरासरी पेशंटचा असतो. तपासणीआधी सेंटर आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्राचं खाणं बंद करायला सांगतं, त्याचंही कारण हेच: शरीर आधीच आयोडीनने भरलेलं असेल तर रेघ खोटी निघते. सुकट-बोंबलाशिवाय आठ-पंधरा दिवस काढणं आपल्याकडे सोपं नाही, हे मला कळतं.

आता परत टीएसएचकडे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रोझलिन यॅलो या अणुभौतिकीत डॉक्टरेट केलेल्या बाई आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर इन्सुलिनला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून त्याचा माग काढत होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यातून रेडिओइम्युनोॲसे ही तपासणी निघाली. किरणोत्सर्गी इन्सुलिन आणि पेशंटचं साधं इन्सुलिन यांना प्रतिपिंडावरच्या मोजक्या जागांसाठी भांडायला लावायचं. पेशंटचं जितकं जास्त, तितकी चिकटलेली किरणोत्सर्गिता कमी. किती कमी म्हणजे किती इन्सुलिन, हे ठाऊक मात्रेचे नमुने मोजून काढलेल्या रेघेवर वाचायचं. यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. हीच रीत थायरॉईडच्या हार्मोन्सना लागू झाली. वाशीचं ब्रिट, म्हणजे १९८९ मध्ये स्थापन झालेलं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, त्यासाठी किट बनवू लागलं.

ही रेघ मात्र सरळ नव्हे, ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी. सुरुवातीला ती हाताने काढायचे, आणि दोन तंत्रज्ञांच्या दोन रेघा व्हायच्या. १९७० च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड रॉडबार्ड यांनी ती गणिताने सरळ करायची सोय काढली. पुढे संगणकाने चार आकड्यांची एस-रेघ थेट बसवणं रूढ झालं. यासाठी सरळ रेघेसारखं एका दमात उत्तर मिळत नाही. अंदाज धरायचा, चूक पाहायची, थोडं सरकायचं, पुन्हा पाहायचं. दाट धुक्यात तळगड उतरताना आपण पायाने उतार चाचपतो तसं: वाट भरवशाची वाटली की लांब ढांग, नाही तर आखूड पाऊल. लेव्हनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांची अशा कामाला सर्रास वापरली जाणारी पद्धत नेमकं हेच करते.

आजच्या बहुतेक लॅबमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन गेलं, त्याची जागा प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली. रेघ मात्र राहिली. पुष्कळ मशीनमध्ये ती कारखान्यातच बसवून बारकोडमधून येते आणि लॅब दोनेक ठाऊक नमुने चालवून ती आपल्या मशीनशी जुळवून घेते. एसच्या मधल्या चढावर प्रकाश थोडा बदलला तर उत्तरही थोडंच बदलतं. दोन्ही टोकांना रेघ सपाट होते. तिथे प्रकाशातला किंचित फरक उत्तरात मोठा होऊन येतो. म्हणून खालच्या टोकाला लॅब नेमका आकडा न देता '०.००५ पेक्षा कमी' असं छापते. ०.०१ चं ०.०२ झालं म्हणजे दुप्पट झालं, असं तिथे धरू नका. आणि एका लॅबचे ६.१, दुसरीचे ६.८ हे दोन वेगळ्या रेघांवरून वाचलेले असू शकतात. गोळीचा डोस बदलायचा प्रश्न असेल तेव्हा शक्यतो आधीच्याच लॅबमध्ये तपासा, आणि येताना जुना रिपोर्ट सोबत आणा.