दार लावू नकोस!

राउटर म्हणजे टपालखात्यातला सॉर्टर. कुठलं पाकीट कुठल्या रस्त्यानं धाडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याला हुकूम देणं म्हणजे जुन्या वाड्यातल्या आजेसासूबाईंशी बोलणं! शब्द ठरलेले, आणि कुठल्या खोलीत काय बोलायचं तेही ठरलेलं.

घराणं तसं खानदानी. डिजिटल कंपनीनं 1976 साली टॉप्स-20 नावाची कार्यप्रणाली आणली. तिची एक खोड मोठी गोड. पुढचा शब्द आठवेना, तर नुसतं प्रश्नचिन्ह दाबावं. यंत्रच सांगे, बाबा रे, इथे अमुक-तमुक चालेल. 'एनेबल' म्हटलं की ज्यादा अधिकार मिळत. स्टॅनफर्ड विद्यापीठात ही यंत्रं होती. तिथल्याच लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्यानं 1984 साली सिस्को काढली. विद्यापीठातल्या विल्यम येगर यांच्या राउटर-प्रोग्रॅमवर कंपनी उभी राहिली (परवाना मात्र 1987 साली, असो!), आणि प्रश्नचिन्ह, 'एनेबल' वगैरे आहेर टॉप्स-20च्या माहेराहून आला.

आत शिरलात की '>' ही ओसरी. बघा, विचारा, हात लावू नका. 'एनेबल' म्हणून परवलीचा शब्द दिला की '#', म्हणजे माजघर. 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की थेट देवघर. तिथे सोवळ्यानं वागायचं. एंटर दाबला की हुकूम अमलात. 'खरंच करू का?' असं विचारण्याची तिथे फारशी रीत नाही.

भाषाही अजब. दार लावायला 'शटडाऊन'. उघडायला? तसा शब्दच नाही! 'नो शटडाऊन', म्हणजे 'दार लावू नकोस'. माजघरात 'शो'ची अक्षरं उलटसुलट पडली, तर ते कुणा यंत्राचं नाव समजून राउटर गल्लीभर हाका मारत सुटतो. तेवढ्यात आपला अर्धा कप चहा होतो.

हसण्यावारी नेऊ नये असं एकच ठिकाण. पुण्यात बसून नागपूरचा राउटर दुरुस्त करणारा माणूस ज्या तारेवरून आत शिरला, तीच 'शटडाऊन' करतो. शेखचिल्लीची फांदी! तिकडे बँकेतली रांग ठप्प, इकडे याला आत जायला वाट नाही. म्हणून जाणते लोक आधी 'रिलोड इन 10' म्हणून ठेवतात: दहा मिनिटांनी आपणहून झोप आणि ऊठ. नवे हुकूम चालत्या स्मरणात असतात, जुने निराळ्या कप्प्यात जपलेले. झोपून उठला की जुनेच लागू. तोवर घाम पुसत बसायचं.

आणि काम फत्ते झालं, तर 'रिलोड कॅन्सल' म्हणायचं. तेवढं विसरून जो चहाला जातो, त्याचं नागपूर दहाव्या मिनिटाला झोपतं.